करुण रसाला उशीर होतो

२०११ च्या पावसाळ्यात आमच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाने सोमालियातील दुष्काळग्रस्तांसाठी निधी जमविला. विभागाच्या दाराशी एक पेटी ठेवली आणि पेटीच्या वर एक भित्तिपत्रक डकवले. भित्तिपत्रकावर एक मूल होते : देहाच्या मानाने मोठे डोके, मोजता येतील अशा बरगड्या, डोळ्यांच्या कडेला माश्या. खाली 'आफ्रिकेतील भुकेल्या बालकांसाठी' एवढेच शब्द. इथिओपियाहून पुण्यात शिकायला आलेला एक विद्यार्थी तिसऱ्या दिवशी तेथे थांबला. त्याने शंभराची नोट पेटीत टाकली, चित्राकडे थोडा वेळ पाहिले आणि विचारले, "हे चित्र कुठले आहे?" आम्ही म्हणालो, "सोमालियाचे." खरे तर आम्हांला ते ठाऊक नव्हते. आंतरजालावर शोधताना जे चित्र सर्वांत जास्त काळीज पिळवटणारे वाटले ते आम्ही उचलले होते. त्याच संध्याकाळी शोध घेतला तेव्हा कळले की, ते चित्र वीस वर्षांपूर्वीचे, दुसऱ्या देशातले आणि दुसऱ्याच दुष्काळातले होते.

भित्तिपत्रक आम्ही काढले नाही. पेटीत पैसे पडत होते.

या प्रसंगाची लाज आम्हांला अजूनही वाटते. पण प्रस्तुत टिपण त्या लाजेसाठी लिहिलेले नाही. आम्ही साहित्य शिकवणारी माणसे. एखादी संहिता वाचकावर परिणाम करते तेव्हा तो परिणाम कशामुळे होतो, हे विचारण्याचाच आमचा पेशा. चित्र खोट्या जागी लावलेले असूनही त्याने आपले काम चोख बजावले, असे का झाले? आणि ते काम नेमके कोणाच्या उपयोगी पडले?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच काव्यशास्त्रात आहे. भट्टनायकाने रसप्रक्रियेत साधारणीकरणाची कल्पना मांडली. रंगभूमीवरची सीता ही जनकाची कन्या, रामाची पत्नी या विशिष्ट ओळखीतून सुटते, स्थळकाळाच्या बंधनातून मोकळी होते, आणि म्हणूनच तिचा शोक प्रेक्षकाला आस्वाद्य होतो. आमच्या भित्तिपत्रकावर हेच घडले. मुलाचे गाव, भाषा, आईबाप, आजाराचे नाव, त्या वर्षी पाऊस का पडला नाही किंवा पडूनही धान्य का मिळाले नाही, हे सारे गळून पडले आणि 'आफ्रिकेतील मूल' उरले. पन्नासांहून अधिक देशांचे एक खंड एका देहात मावले. नाट्यगृहात साधारणीकरण हा गुण आहे. मदतीच्या आवाहनात तो गुण राहत नाही, कारण रोगाचा उपाय नेहमी विशिष्टात असतो. सोमालियात त्या वर्षी पाऊस हुकला होता, धान्याचे भाव आकाशाला भिडले होते, आणि दक्षिणेचा मोठा भाग ज्या सशस्त्र संघटनेच्या ताब्यात होता तिने अनेक मदतसंस्थांना प्रवेश नाकारला होता. यांतले काहीच आमच्या चित्रात नव्हते; त्यामुळे आपण कशासाठी पैसे देत आहोत हे देणाऱ्याला कळण्याचा मार्गही नव्हता.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक कडू आहे. भरताने करुण आणि विप्रलंभ शृंगार यांतला भेद सांगताना करुणाला निरपेक्ष म्हटले आहे. निरपेक्ष म्हणजे आशा मावळलेला. विप्रलंभात पुनर्भेटीची आशा असते, म्हणून तो सापेक्ष. करुणाचा स्थायीभाव शोक, आणि शोक होण्यासाठी नाश व्हावा लागतो. म्हणजे, ज्या आवाहनाचा सारा भार करुण रसावर आहे त्याला नाश होईपर्यंत थांबावेच लागते. बरगड्या दिसू लागल्याखेरीज चित्र निघत नाही, चित्र निघाल्याखेरीज मन द्रवत नाही, मन द्रवल्याखेरीज पैसा सुटत नाही. करुण रसाला उशीर होतो. तो त्याच्या रचनेतच आहे.

याला पुरावा हवा असेल तर सोमालियाचाच घ्यावा. संयुक्त राष्ट्रांनी दक्षिण सोमालियात दुष्काळ जाहीर केला तो २० जुलै २०११ रोजी. इशारे २०१० च्या उत्तरार्धापासून दिले जात होते. पुढे २०१३ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला त्यात या आपत्तीत सुमारे २ लाख ६० हजार माणसे दगावल्याचा अंदाज आहे. त्यांतली निम्मी पाच वर्षांखालील मुले होती. आणि मृतांपैकी जवळपास निम्मे दुष्काळ जाहीर होण्यापूर्वीच गेले होते. आमची पेटी ऑगस्टमध्ये ठेवली गेली. सहा वर्षांपूर्वी, २००५ मध्ये, नायजर देशात हेच घडले होते. मदतीचे पहिले आवाहन २००४ च्या नोव्हेंबरातले. त्याला प्रतिसाद जवळपास शून्य. जुलैमध्ये दूरचित्रवाणीवर मुलांची दृश्ये झळकली आणि मग विमाने निघाली. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे आपत्कालीन मदत समन्वयक यान एगेलँड यांनी त्या वेळी हिशेब मांडला होता : वेळेवर हात दिला असता तर एका मुलामागे दिवसाला एक डॉलर पुरला असता, आता तेच मूल वाचवायला ऐंशी लागत आहेत.

या उशिराची परंपरा जुनी आहे. ऑक्टोबर १९८४ मध्ये इथिओपियातील कोरेम येथील छावणीचे बीबीसीचे वृत्तचित्रण जगभर दाखवले गेले. कॅमेरा केनियाच्या मोहम्मद अमीन यांचा होता. त्यातून ब्रिटनमध्ये नाताळचे ते प्रसिद्ध गीत निघाले, आणि १३ जुलै १९८५ रोजी लंडन व फिलाडेल्फिया येथे 'लाइव्ह एड'चे जलसे झाले. पैसा प्रचंड जमला, त्याने जीव वाचले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या गीताच्या शीर्षकातच एक प्रश्न आहे : आज नाताळ आहे हे त्या लोकांना ठाऊक तरी आहे काय? इथिओपियात ख्रिस्ती धर्म चौथ्या शतकापासून आहे. गीत रचणाऱ्यांच्या बेटावरील बहुतेक चर्चे त्या मानाने कालची. आणि उपासमारीच्या मुळाशी केवळ कोरडे आभाळ नव्हते. टिग्राय आणि वोलो प्रांतांतले युद्ध, शेतकऱ्यांचे सक्तीचे स्थलांतर, उपासमार दडवून क्रांतीचा दहावा वर्धापनदिन थाटात साजरा करणारे सरकार, हे सारे तिच्यामागे होते. सक्तीच्या स्थलांतराविरुद्ध जाहीर बोलणाऱ्या फ्रेंच वैद्यकीय संस्थेला १९८५ च्या अखेरीस देशाबाहेर घालवण्यात आले. अमर्त्य सेन यांनी त्याआधीच, १९८१ च्या आपल्या पुस्तकात, १९४३ चा बंगाल आणि १९७३ चा वोलो शेजारी शेजारी ठेवून दाखवले होते की, लोक भुकेने मरतात ते धान्य नसते म्हणूनच असे नाही. धान्यावरचा त्यांचा हक्क तुटतो म्हणून. हक्क तुटल्याचे छायाचित्र काढता येत नाही.

मात्र छायाचित्राला दोष देऊन मोकळे होणे हेही आळशीपणाचे लक्षण. कधी कधी चित्रात सारे असते, वाचणाऱ्याला दिसत नाही. मार्च १९९३ मध्ये दक्षिण सुदानातील आयोद येथे केविन कार्टर यांनी टिपलेले छायाचित्र बहुतेकांनी पाहिले असेल : जमिनीवर ओणवे पडलेले मूल आणि मागे बसलेले गिधाड. त्याला १९९४ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये कार्टर यांनी आत्महत्या केली. या घटनेवर आपल्याकडेही भाषणांतून आणि संदेशांतून बरेच बोधामृत पाजले गेले आहे. पण त्या मुलाच्या उजव्या मनगटावर प्लास्टिकचा एक पट्टा आहे. तो अन्नकेंद्रातील नोंदीचा पट्टा होता. म्हणजे ते मूल कोणीतरी मोजले होते, नोंदले होते, त्याच्या जेवणाची सोय लावली होती. आईवडील जवळच विमानातून उतरलेले अन्न घेण्यात गुंतले होते, असे कार्टर यांच्यासोबत असलेल्या छायाचित्रकाराने नंतर सांगितले. २०११ मध्ये स्पॅनिश पत्रकार त्या गावी गेले तेव्हा कळले की, चित्राखाली जिला मुलगी म्हटले होते तो मुलगा होता. तो त्या दुष्काळातून वाचला आणि पुढे बऱ्याच वर्षांनी तापाने गेला. अठरा वर्षे जगाने गिधाड वाचले. पट्टा वाचला नाही. आशा मावळली आहे असे गृहीत धरूनच आपण ते चित्र पाहिले. भरताच्या भाषेत, जे सापेक्ष होते ते आपण निरपेक्ष ठरवले.

मग दुसरी भाषा कोणती? आम्हांला वाटते, ती शब्दांच्या इतिहासात सापडते. सिसिली विल्यम्स या जमैकात जन्मलेल्या डॉक्टर १९२९ मध्ये गोल्ड कोस्ट येथे, म्हणजे आजच्या घानामध्ये, रुजू झाल्या. तेथे त्यांना एक विचित्र दुखणे दिसले. एक-दोन वर्षांची मुले. अंगावर सूज, कातडीचे पापुद्रे, केसांना तांबूस रंग. सुजेमुळे मूल बाळसेदार असल्याचा भास होई, आणि मग ते दगावे. १९३३ मध्ये त्यांनी याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि १९३५ मध्ये त्याला एक नाव दिले. लॅटिन किंवा ग्रीक नाव घडवणे सहज शक्य होते. त्यांनी अक्रा परिसरातल्या गा भाषेतला, तेथील लोकांच्या तोंडचा शब्द घेतला : क्वाशिओरकोर. पाठचे भावंड येऊ घातले की थोरल्याला जे जडते ते दुखणे, असा त्याचा आशय. म्हणजे ज्याचे स्थान गेले, जे आईच्या अंगावरून तुटले आणि मक्याच्या पेजेवर आले, त्या मुलाचा आजार.

या एका शब्दात निदान आहे, कारणमीमांसा आहे आणि घरातील नातीही आहेत. आपल्या 'मुडदूस' या शब्दातही मुलाचे दुखणे आहे, पण कारण नाही. आणि आजच्या सरकारी तक्त्यांतल्या 'सॅम' आणि 'मॅम'मध्ये तर कोणताच देह दिसत नाही. गा भाषक बायकांनी पिढ्यान् पिढ्या निरीक्षण करून जे ओळखले होते, ते ज्ञान म्हणून स्वीकारण्याएवढी नम्रता एका वसाहतीतल्या डॉक्टरकडे होती. आम्ही याला चांगले भाषांतर म्हणतो. दुसऱ्याच्या शब्दाला आपल्या शास्त्रात जागा देणे हे दयेहून अवघड काम आहे. महाराष्ट्रातील बालमृत्यूंवर डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो अहवाल दिला त्याचे 'कोवळी पानगळ' हे नाव आठवावे. तेथेही प्रतिमा आहे, पण ती आकड्यांना झाकत नाही; दडवलेले मृत्यू मोजून दाखवणाऱ्या अहवालाला ती वाचक मिळवून देते.

असेच भाषांतर उपचारातही घडले. १९९० च्या दशकापर्यंत तीव्र कुपोषित मुलाला रुग्णालयात ठेवून विशेष तयार केलेले दूध पाजत. ते उकळलेल्या स्वच्छ पाण्यात कालवावे लागे, ते लवकर नासे. मूल आठवडेच्या आठवडे खाटेवर, आई त्याच्यापाशी, घरी उरलेली मुले आणि पेरणी कोणी पाहायची, हा प्रश्न उपचारपद्धतीने विचारलाच नव्हता. त्यामुळे आया मुलांना आणीत नसत, किंवा अर्ध्यावर घेऊन जात, आणि अहवालात त्यांची नोंद 'अडाणी' अशा अर्थाच्या शब्दांनी होई. १९९६ च्या सुमारास आंद्रे ब्रियां या फ्रेंच बालपोषणतज्ज्ञाने एका फ्रेंच कंपनीच्या साहाय्याने शेंगदाण्याचे वाटण, दुधाची भुकटी, साखर, तेल, जीवनसत्त्वे आणि खनिजे यांचे एक चाटण तयार केले. त्यात पाणी नसल्याने जंतू वाढत नाहीत. ९२ ग्रॅमची पुडी, तिच्यात ५०० कॅलरी. दाताने फाडावी आणि मुलाच्या तोंडी लावावी. स्टीव्ह कॉलिन्स या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतर इथिओपिया आणि मलावी येथे दाखवले की, ज्या मुलाला भूक लागते आणि दुसरी गुंतागुंत नाही त्याला रुग्णालयाची गरजच नाही. आई आठवड्याला पुड्या घेऊन जाईल आणि घरीच मूल बरे करील. २००५ च्या नायजरमध्ये साठ हजारांहून अधिक तीव्र कुपोषित मुलांवर या मार्गाने उपचार झाले, आणि २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी ही पद्धत अधिकृतपणे स्वीकारली. अशा उपक्रमात शंभरातली किमान ७५ मुले बरी झाली पाहिजेत, हा आज मान्य निकष आहे.

पुडीचे कौतुक बरेच झाले; आमच्या मते खरा बदल वाक्यरचनेतला आहे. आधीच्या वाक्यात डॉक्टर कर्ता होता, मूल कर्म होते आणि आई बहुधा अडथळा. नव्या वाक्यात आई कर्ता झाली. पुढचे पाऊल त्याहून साधे. दंडाचा घेर मोजण्याची एक पट्टी असते. ११५ मिलिमीटरच्या आत लाल, १२५ पर्यंत पिवळी, पुढे हिरवी. ही पट्टी आरोग्यसेवकाच्या झोळीतून काढून नायजरच्या झिंडर भागातील आयांच्या हाती दिली गेली. त्यांची मोजणी प्रशिक्षित सेवकांच्या मोजणीहून उणी ठरली नाही, आणि मुले लवकर, कमी बिघडलेल्या स्थितीत उपचाराला येऊ लागली. बरगड्या दिसण्याआधी पिवळा रंग दिसतो. पिवळ्या रंगावर कोणी गीत रचणार नाही, कोणाला पारितोषिक मिळणार नाही. पण वेळेवर पोहोचणारी करुणा ही अशी असते. तिच्यात रस कमी असतो.

हे ज्ञान केवळ उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहिले असे मराठी वाचकाने समजू नये. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे जे काम सुरू केले, त्यात फारशा न शिकलेल्या, बऱ्याचदा दलित समाजातील बायकाच गावाच्या आरोग्यसेविका झाल्या. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या हातून चालणाऱ्या आरोग्यसेवेवर एक पुस्तक काढले. त्यात जामखेडवर एक प्रकरण आहे आणि त्याच मुखपृष्ठाआड टांझानिया आणि नायजर येथील प्रयोगांवरही प्रकरणे आहेत. इथिओपियाने २००३ पासून गावपातळीवर पगारी आरोग्यसेविका नेमल्या. त्यांची संख्या तीस हजारांवर गेली. पाच वर्षांखालील मुलांचा तेथील मृत्युदर १९९० ते २०१२ या काळात दोन-तृतीयांशाने उतरला. जिच्याविषयी आपण अजूनही १९८४ च्याच चित्रातून बोलतो ती ही भूमी.

आता आक्षेपांकडे वळू. साहित्याच्या वर्गात सध्या एक भूमिका लोकप्रिय आहे : ही सारी दानशूरता म्हणजे गोऱ्या तारणहाराचा अहंकार, तिने परावलंबन वाढते, तेव्हा ती थांबलेलीच बरी. केनियाचे लेखक बिन्यावांगा वाइनाइना यांनी २००५ मध्ये आफ्रिकेविषयी कसे लिहावे यावर जो उपरोधिक निबंध लिहिला, तो आम्हीही दरवर्षी वाचून दाखवतो. पण उपरोध हे लेखनाचे शस्त्र आहे. त्याचे धोरण करू नये. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने परदेशी मदत एकाएकी गोठवली आणि त्या वर्षीच्या जुलैपर्यंत तिची मदतसंस्था मोडीत काढली. पुड्या तयार करणाऱ्या कारखान्यांच्या मागण्या अडकल्या, उपचारकेंद्रे बंद पडली. नायजेरियातील कात्सिना राज्यात एकाच वैद्यकीय संस्थेच्या केंद्रांत त्या वर्षीच्या पहिल्या सहा महिन्यांत कुपोषणाने ६५२ मुले दगावली, असे त्या संस्थेने जाहीर केले. मदत संपली की स्वाभिमान आपोआप उगवतो, असे मानणाऱ्यांनी या आकड्यासमोर काही काळ गप्प बसावे.

याचा अर्थ दुसरी बाजू निर्दोष, असाही नाही. एका परकीय सरकारच्या लहरीवर लाखो मुलांचे जेवण टांगलेले असावे, हेच मुळात दानाच्या चौकटीचे अपयश आहे. आफ्रिकी राष्ट्रांनी २००१ मध्ये अबुजा येथे अर्थसंकल्पाचा १५ टक्के भाग आरोग्यावर खर्च करण्याचे वचन दिले. बहुतेकांनी ते पाळले नाही. पुडीच्या एकस्वावरून वाद झाले. शेंगदाणा पिकवणाऱ्या देशात शेंगदाण्याचे चाटण युरोपातून यावे, ही विसंगती बरीच वर्षे चालली. आज नायजर, इथिओपिया, मलावी येथे ते तयार होते, ही चांगली बाजू. आणि पुडी मूल बरे करते. पुढच्या वर्षीचा उन्हाळा, आईची मजुरी, विहीर, युद्ध यांवर तिच्याकडे उत्तर नाही. २०२४ मध्ये सुदानच्या झमझम छावणीत दुष्काळ जाहीर झाला तो युद्धाने. तेथे पुड्या नेणारे ट्रकच पोहोचू दिले जात नव्हते.

तर आम्ही शिकवणाऱ्यांनी काय करावे? एवढेच सुचवतो की, मदतीचे आवाहन ही एक संहिता आहे असे समजून ती वर्गात वाचावी. तिच्यात क्रियापदांचा कर्ता कोण आहे? गाव आणि वर्ष दिले आहे काय? आपत्ती कोणामुळे, हे सांगितले आहे की केवळ आभाळाकडे बोट दाखवले आहे? ज्याचे चित्र आहे त्याने किंवा त्याच्या आईने ते पाहिले तर त्यांना आपली ओळख पटेल काय? मेळघाटाविषयी मराठीत छापून येणाऱ्या मजकुरालाही हेच प्रश्न लावावेत. तेव्हा लक्षात येईल की, 'आफ्रिका' ही आपण नकाशावर फार दूर ठेवलेली नाही.

सुदानसाठी २०२४ मध्ये आम्ही पुन्हा पेटी ठेवली. या वेळी चित्र लावले नाही. एका कागदावर लाल, पिवळा आणि हिरवा असे तीन पट्टे काढले, ११५ आणि १२५ हे आकडे लिहिले, आणि खाली दहा ओळींत झमझम कोठे आहे व तेथे काय चालले आहे ते लिहिले. एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या भारतातील खात्याचा क्रमांक दिला. प्रामाणिकपणे सांगायचे तर रक्कम २०११ च्या निम्मीही जमली नाही. विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी त्यावर जे म्हटले ते आम्हांला अजून खोडता आलेले नाही. ते म्हणाले, "तुमच्या तत्त्वापायी किती पुड्या कमी गेल्या, याचाही हिशेब मांडा."

तो हिशेब आम्ही मांडला आहे आणि तो आम्हांला बोचतो. त्याच्या दुसऱ्या रकान्यात एवढेच आहे की, त्या कागदासमोर थांबून दहाही ओळी वाचणाऱ्यांपैकी अकरा जण अजून दरमहा थोडी रक्कम पाठवतात. कोणतेही चित्र न पाहता, कोणताही दुष्काळ जाहीर होण्याची वाट न पाहता. २०११ च्या देणाऱ्यांपैकी दुसऱ्या महिन्यात कोणी परत आल्याचे आम्हांला आठवत नाही. हे दोन रकाने एकमेकांना फेडतात की नाही, ते आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. मात्र पुढच्या वेळीही आम्ही पट्टेच काढू, आणि ज्येष्ठ सहकाऱ्यांचा प्रश्न त्यांच्या खाली लिहून ठेवू.